घटक ४ : सशर्त सूचना – मराठीची रचना आणि स्पॅनिशचा आरसा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• सशर्त सूचनेची अंगे सांगता येतील.
• 'तर', 'की', '-ल्यास', 'तरी', '-पर्यंत' या रचनांमधील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• याच रचनांची स्पॅनिश भाषेतील रचनांशी तुलना करता येईल.
• आपल्या गावातील एखादा सूचनाफलक तपासून तो अधिक नेमका लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांचा परिचय करून घेतला. 'दार लाव', 'अर्ज करावा' या साध्या सूचना होत. व्यवहारात मात्र सूचना बहुधा अशी एकटी येत नाही. तिला एखादी अट जोडलेली असते. 'पाऊस आला तर कपडे आत घे', 'वाफसा आला की पेरणी कर', 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नये' ही अशी वाक्ये आहेत. त्यांना आपण सशर्त सूचना म्हणू.

या घटकातील उदाहरणे मुख्यतः पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांतील जीवनातून घेतली आहेत. हा सह्याद्रीच्या कुशीतला, भरपूर पावसाचा आणि भातशेतीचा प्रदेश आहे. वेळवंडी नदीवरील भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव ही धरणेही याच दोन तालुक्यांत आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे शहरात महापूर आला. राजगड, तोरणा हे किल्ले आणि भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट यांमुळे पावसाळ्यात बाहेरच्या लोकांचीही येथे वर्दळ असते. अशा प्रदेशात 'पाणी सोडले तर', 'धुके दाटले तर', 'दरड कोसळली असेल तर' ही वाक्ये व्याकरणाच्या पुस्तकापुरती राहत नाहीत. ती ऐकून माणसे नदीत उतरतात किंवा काठावर थांबतात.

तुलनेसाठी स्पॅनिश भाषा घेतली आहे. मराठीप्रमाणे तीही भारत-युरोपीय कुळातील आहे, परंतु दूरच्या शाखेची. मराठीत सवयीमुळे आपल्या लक्षात न येणारे काही भेद स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या रूपातच दिसतात. म्हणून ती आपल्याला आरशासारखी उपयोगी पडेल. स्पॅनिश वाक्ये येथे देवनागरीत उच्चाराच्या जवळपास दिली आहेत. ती पाठ करण्याची आवश्यकता नाही. कोणते रूप कोठे बदलते एवढेच पाहावे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ सशर्त सूचनेची अंगे

सशर्त सूचनेला तीन अंगे असतात :
(१) अट : काय घडले असता?
(२) कर्ता : कोणी?
(३) कृती : काय करावे किंवा करू नये?

'भोंगा वाजला तर तुम्ही नदीतून वर या' या वाक्यात तिन्ही अंगे स्पष्ट आहेत. बोलताना यांपैकी एखादे अंग गाळले तरी चालते, कारण समोरचा माणूस, हातवारे आणि प्रसंग ती उणीव भरून काढतात. लिखित सूचनेला ही सोय नसते.

मराठीत अशा लेखनाची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. शिधा आणि वैरण आताच बेहिशेबी खर्च केली तर भर पावसाळ्यात ती मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. निष्काळजीपणे दिवा ठेवला तर उंदीर पेटती वात नेईल, गवताला आग लागेल. रयतेला उपद्रव दिला तर तिला मोगल बरे वाटू लागतील, असा त्या पत्राचा आशय आहे. नुसते 'काळजी घ्यावी' असे त्यात म्हटलेले नाही. प्रत्येक अटीचा परिणाम टप्प्याटप्प्याने डोळ्यांसमोर उभा केला आहे, आणि कोणी काय करायचे हेही सांगितले आहे. सशर्त सूचनेचा हा उत्तम नमुना होय.

४.२.२ 'तर' आणि 'की' : खात्रीचा प्रश्न

शालेय व्याकरणात 'जर–तर', 'म्हणजे', 'की' ही अव्यये संकेतबोधक उभयान्वयी अव्यये म्हणून एकाच गटात शिकवली जातात. सूचना देताना मात्र त्यांचा अर्थ एकसारखा राहत नाही. पुढील दोन वाक्ये पाहा.

(अ) भोंगा वाजला तर वर या.
(आ) भोंगा वाजला की वर या.

वाक्य (अ) मध्ये भोंगा वाजेल किंवा वाजणारही नाही. वाक्य (आ) मध्ये भोंगा वाजणारच आहे असे बोलणाऱ्याने गृहीत धरले आहे. फक्त वेळ ठरायची आहे. शिवाय 'की'मध्ये 'ताबडतोब' हा अर्थ दडलेला आहे. म्हणून धरणातून पाणी सोडण्याचे ठरले असेल तेव्हा (आ) हे वाक्य योग्य, आणि नुसती शक्यता असेल तेव्हा (अ) योग्य. आजी नातवाला 'भोंगा झाला म्हंजी वर ये रे बाळा' असे म्हणते तेव्हा तिचे 'म्हंजी' हे 'की'च्याच बाजूचे असते.

'की'चा आणखी एक अर्थ 'प्रत्येक वेळी' असा होतो. 'वाफसा आला की पेरणी कर' येथे तो निरुपद्रवी आहे. परंतु 'ताप आला की गोळी द्या' असे सांगितल्यास घरातील माणूस दर वेळी अंग तापले म्हणून गोळी देऊ शकतो. 'ताप आला तर एक गोळी द्या. दुसरी गोळी डॉक्टरांनी सांगितलेले अंतर ठेवूनच द्या' ही सूचना सुरक्षित आहे. एका अव्ययाने औषधाची मात्रा बदलू शकते, हे लक्षात घ्यावे.

स्पॅनिशमध्ये हा भेद दोन ठिकाणी दिसतो : अव्ययात आणि क्रियापदात.

(इ) सि स्वेना ला सिरेना, साल देल रिओ. (भोंगा वाजला तर नदीतून बाहेर ये.)
(ई) क्वान्दो स्वेने ला सिरेना, साल देल रिओ. (भोंगा वाजला की नदीतून बाहेर ये.)

'सि' म्हणजे 'जर' आणि 'क्वान्दो' म्हणजे 'जेव्हा'. 'सि'नंतर वर्तमानकाळाचे साधे रूप 'स्वेना' आले. 'क्वान्दो'नंतर, घटना पुढे घडायची असल्यामुळे, 'स्वेने' हे संभाव्यार्थी रूप आले. मराठीत दोन्ही ठिकाणी 'वाजला' हेच भूतकाळाच्या आकाराचे रूप येते, त्यामुळे अर्थाचा सगळा भार 'तर' आणि 'की' या दोन लहान शब्दांवर पडतो. 'जर' गाळला तरी वाक्य बिघडत नाही. 'तर' किंवा 'की' मात्र जपून निवडावा लागतो.

४.२.३ अट घडायची आहे, घडते आहे, की घडून गेली आहे?

अट कोणत्या अवस्थेत आहे हे मराठी क्रियापद चांगले दाखवते :

• पाऊस पडला तर घाटात जाऊ नका. (अजून पडलेला नाही.)
• पाऊस पडत असेल तर घाटात जाऊ नका. (आता पडतो आहे की नाही ते पाहा.)
• पाऊस पडला असेल तर घाटात जाऊ नका. (आधी पडून गेला आहे की नाही याची चौकशी करा.)

स्पॅनिशमध्येही ही तीन रूपे वेगळी आहेत : 'सि य्वेवे' (पडला तर), 'सि एस्ता योव्येन्दो' (पडत असेल तर), 'सि आ योविदो' (पडला असेल तर).

वरंधा घाटातून जाणाऱ्या वाहनचालकाला तिसऱ्या प्रकारची सूचना विशेष महत्त्वाची आहे, कारण पाऊस थांबल्यानंतरही दरड कोसळू शकते. फलकावर केवळ 'पाऊस पडत असेल तर' असे लिहिले तर उघडीप दिसताच चालक पुढे जाईल, आणि लिहिलेल्या शब्दांनुसार त्याची चूकही म्हणता येणार नाही.

'पाऊस पडला असता तर भात लावला असता' या प्रकारची संकेतार्थी वाक्ये येथे उपयोगाची नाहीत. त्यांतील अट घडलेलीच नसते, त्यामुळे त्यांना सूचना जोडता येत नाही.

आपली प्रगती तपासा – १
रिकाम्या जागी 'तर' किंवा 'की' लिहा आणि कारण सांगा.
(अ) रोपे लावणीला आली ____ चिखलणी करून घ्या.
(आ) भातावर करपा दिसला ____ कृषी सहायकांना कळवा.
(उत्तरदिशा : रोपे लावणीला येणार हे निश्चित आहे, करपा दिसणे निश्चित नाही.)

४.२.४ '-ल्यास' आणि निषेधाच्या तीन पायऱ्या

कार्यालयीन मराठीत 'तर'ऐवजी '-ल्यास' हे रूप रूढ आहे : आल्यास, वाढल्यास, आढळल्यास. 'आला–आल्या' या कृदन्ताच्या सामान्यरूपाला 'स' हा प्रत्यय लागून ते बनते. या रूपात लिंग, वचन आणि पुरुष दिसत नाहीत. 'तू उतरलास तर', 'तुम्ही उतरलात तर' येथे कर्ता क्रियापदातच कळतो. 'उतरल्यास' म्हटले की तो नाहीसा होतो. सर्वांना लागू होणाऱ्या नियमासाठी हे सोयीचे आहे. परंतु 'पाणी सोडल्यास' या शब्दांत पाणी कोण सोडणार, केव्हा सोडणार आणि ते लोकांना कोण कळवणार, हे सारे झाकले जाते.

स्पॅनिशमध्ये '-ल्यास'च्या जवळची रचना 'एन कासो दे' ही आहे. 'एन कासो दे इन्सेन्दियो, नो उसे एल आसेन्सोर' म्हणजे 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नका'. भूकंपप्रवण मेक्सिकोत 'एन कासो दे सिस्मो' (भूकंप झाल्यास) या शब्दांनी सुरू होणारे फलक इमारतींमध्ये नेहमी आढळतात. तेथेही अटीतील कर्ता लुप्त असतो, पण लगेच पुढे करावयाची कृती ठळकपणे लिहिलेली असते.

आता निषेधाकडे वळू. दोन्ही भाषांत होकारार्थी आज्ञेला नुसता नकार जोडून निषेध होत नाही. क्रियापदाचे रूपच बदलते. मराठीत 'उतर' याचा निषेध 'उतरू नकोस' असा होतो. स्पॅनिशमध्ये 'बाखा' (उतर) याचा निषेध 'नो बाखेस' असा होतो. पुढील तीन जोड्या पाहा :

• नदीत उतरू नकोस – नो बाखेस आल रिओ (जवळच्या माणसाला)
• नदीत उतरू नका – नो बाखे आल रिओ (आदराने)
• नदीत उतरू नये – नो बाखार आल रिओ (सर्वांना, फलकावर)

आई मुलाला पहिल्या पायरीवर बोलते, ग्रामसेवक ग्रामस्थांना दुसऱ्या, आणि फलक तिसऱ्या. तिसरी पायरी सर्वांत औपचारिक आहे, पण तिच्यात 'तुम्हाला सांगतो आहे' हा सूर नसतो. त्यामुळे ती वाचणाऱ्याला ती दुसऱ्या कोणासाठी लिहिली आहे असे वाटू शकते. जिवाला धोका असेल तेथे 'उतरू नका' हे सरळ संबोधन अधिक परिणामकारक ठरते. त्याने औपचारिकता कमी होत नाही.

४.२.५ 'तरी' आणि '-पर्यंत'

'तर' अट सांगतो, 'तरी' अट निष्प्रभ करतो. 'पाणी कमी दिसले तरी उतरू नका' या वाक्याचा अर्थ असा की, कमी पाणी हे उतरण्याचे कारण मानू नका. धरणाखालच्या नदीत हे वाक्य फार मोलाचे आहे, कारण सोडलेले पाणी पोहोचण्यापूर्वी पात्र कोरडे आणि शांत दिसते. स्पॅनिशमध्ये 'औंके' हे अव्यय असेच काम करते : 'औंके पारेस्का पोका आग्वा, नो बाखेस' (पाणी कमी वाटले तरी उतरू नकोस).

येथे एक सावधगिरी बाळगावी. मराठी अर्ज-पत्रांत 'तरी' हा शब्द 'म्हणून' या अर्थानेही येतो : 'तरी कृपया रजा मंजूर करावी.' फलकावर 'पाण्याची पातळी वाढली आहे, तरी नागरिकांनी दक्षता घ्यावी' असे वाचताना या अर्थाची सवय नसलेला वाचक क्षणभर अडखळतो. सूचनेत 'तरी' हा शब्द एकाच अर्थाने, विरोधाच्या अर्थाने, वापरावा आणि दुसऱ्या अर्थासाठी 'म्हणून' लिहावे.

'-पर्यंत' कृती किती वेळ चालू ठेवायची ते सांगतो. 'पाणी उतरेपर्यंत पूल ओलांडू नका' याला स्पॅनिशमध्ये 'नो क्रूसेस एल प्वेन्ते आस्ता के बाखे एल आग्वा' म्हणतात. माणूस नदीत उतरतो आणि पूर आलेले पाणीही उतरते. दोन्हींसाठी मराठीत एकच धातू आहे. स्पॅनिशमध्येही दोन्हींसाठी 'बाखार' हाच धातू येतो. इतक्या दूरच्या दोन भाषा येथे सहज एकत्र येतात.

४.२.६ उलट अर्थाचा धोका

'भोंगा वाजला की वर या' हे वाक्य ऐकणारा मनातल्या मनात दुसरे एक वाक्य तयार करतो : 'भोंगा वाजला नाही म्हणजे वर येण्याचे कारण नाही.' तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे दुसरे वाक्य पहिल्यातून निघत नाही. तरीही रोजच्या बोलण्यात आपण सर्व जण असा उलट अर्थ घेतो. स्पॅनिश बोलणाराही घेतो. 'अभ्यास केलास तर खाऊ देईन' हे ऐकून मूल जे समजते तेच हे होय.

खाऊच्या बाबतीत हा अर्थ योग्यच असतो. नदीच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो. वारा उलटा असेल, मोटारपंप चालू असेल, कानाने कमी ऐकू येत असेल, तर भोंगा वाजूनही ऐकू येत नाही. म्हणून जिवाशी संबंधित सूचनेत हा उलट अर्थ लेखकाने स्वतःच बंद करायला हवा : 'भोंगा ऐकू आला नाही तरी पाणी वाढताना दिसले तर वर या.' या एका वाक्यात 'तरी' आणि 'तर' दोन्ही आपापले काम करतात.

४.२.७ एका फलकाची दुरुस्ती

आतापर्यंतच्या विवेचनाच्या आधारे एक नमुना तपासू. समजा, नदीकाठी पुढील मजकूर लिहिला आहे :

'धरणातून पाणी सोडल्यास नदीपात्रात उतरल्यास होणाऱ्या दुर्घटनेस प्रशासन जबाबदार राहणार नाही, तरी नागरिकांनी दक्षता घ्यावी.'

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. सूचना म्हणून मात्र ते अपुरे आहे. दोन '-ल्यास' लागोपाठ आल्याने मुख्य अट कोणती ते कळत नाही. पाणी सोडले हे वाचकाला कसे समजणार ते सांगितलेले नाही. 'दक्षता घ्यावी' ही कृती नव्हे. दक्षता म्हणजे नेमके काय करायचे ते वाचकावर सोपवले आहे. 'तरी' येथे 'म्हणून' या अर्थाने आला आहे. आणि वाक्याचा रोख माणसाला वाचवण्यापेक्षा जबाबदारी नाकारण्याकडे आहे.

आता हाच आशय असा लिहिता येईल :

'या नदीत धरणाचे पाणी सोडले जाते.
भोंगा वाजला की लगेच काठावर या. जनावरे किंवा मोटारपंप यांसाठी मागे थांबू नका.
भोंगा ऐकू आला नाही तरी पाणी वाढताना दिसले तर काठावर या.
फरशी पुलावर पाणी असेल तर पूल ओलांडू नका. पाणी उतरेपर्यंत थांबा.'

शब्दसंख्या वाढली आहे, पण प्रत्येक वाक्यात एकच प्रसंग आहे. अट आधी आणि कृती नंतर असा मराठीचा स्वाभाविक क्रम राखला आहे. जनावरांचा आणि मोटारपंपाचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण शेतकरी नदीत मागे थांबतो तो बहुधा त्यांच्यासाठीच. सूचना लिहिणाऱ्याला केवळ भाषा येऊन भागत नाही. वाचकाचे पाऊल कोठे अडखळते हेही त्याला माहीत असावे लागते.

आपली प्रगती तपासा – २
'धुके असल्यास बालेकिल्ल्यावर जाणे टाळावे' ही राजगडावरील पर्यटकांसाठी लिहिलेली नमुना सूचना आहे. चढाई सुरू केल्यानंतर धुके दाटले तर काय करावे, हे तीत येत नाही. ती उणीव भरून काढून सूचना दोन किंवा तीन वाक्यांत पुन्हा लिहा.

४.३ सारांश

सशर्त सूचनेत अट, कर्ता आणि कृती ही तीन अंगे असतात. 'तर' अनिश्चित अटीसाठी, तर 'की' निश्चित आणि तत्काळ किंवा पुनःपुन्हा घडणाऱ्या अटीसाठी येतो. स्पॅनिशमध्ये हा भेद 'सि' व 'क्वान्दो' या अव्ययांबरोबर क्रियापदाच्या रूपातही दिसतो. मराठीत तो अव्ययावरच अवलंबून असतो. 'पडला', 'पडत असेल', 'पडला असेल' ही रूपे अटीची अवस्था दाखवतात. '-ल्यास' औपचारिक आहे, परंतु त्यात कर्ता लपतो. निषेधाच्या 'नकोस – नका – नये' या पायऱ्यांना स्पॅनिशमध्ये समांतर रूपे आहेत. जिवाशी संबंधित सूचनेत उलट अर्थाची वाट 'तरी'च्या साहाय्याने बंद करावी.

४.४ पारिभाषिक शब्द

सशर्त सूचना : अट जोडलेली आज्ञा, विनंती किंवा निषेध.
संकेतबोधक अव्यय : अट आणि तिचा परिणाम जोडणारे उभयान्वयी अव्यय.
संभाव्यार्थी रूप : न घडलेली, अपेक्षित किंवा इच्छित घटना दाखवणारे क्रियारूप.
वाफसा : पेरणीस योग्य असा जमिनीतील ओलावा.
फरशी पूल : कमी उंचीचा, पुरात पाण्याखाली जाणारा पूल.

४.५ स्वाध्याय

(१) 'तर' आणि 'की' यांतील अर्थभेद स्वतःच्या घरातील किंवा व्यवसायातील चार उदाहरणांनी स्पष्ट करा.
(२) '-ल्यास' या रूपाचे फायदे आणि मर्यादा यांवर टीप लिहा.
(३) मराठी व स्पॅनिश भाषांतील निषेधाच्या रचनांची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील नदीकाठ, आरोग्य उपकेंद्र, सहकारी सोसायटी किंवा बसस्थानक येथील तीन लिखित सूचना उतरवून घ्या. प्रत्येकीत अट, कर्ता आणि कृती शोधा. नंतर ती सूचना घरातील एका वृद्ध व्यक्तीला आणि एका शाळकरी मुलाला वाचून दाखवा व 'मग आपण काय करायचे?' एवढाच प्रश्न विचारा. दोघांची उत्तरे वेगळी आली, तर दोष ऐकणाऱ्याचा न मानता वाक्याचा माना आणि ते वाक्य पुन्हा लिहा.